दुःखाचे उसने शब्द

गेल्या पावसाळ्यांत गिरगांवांतील एका जुन्या चाळींत समाचारासाठीं जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला. घरांतील कर्ता पुरुष आठ दिवसांपूर्वीं गेला होता. बाहेरच्या खोलींत सतरंजी अंथरलेली होती, कोपऱ्यांत दिवा तेवत होता आणि भिंतीस टेकून त्या गृहस्थांची वृद्ध आई बसली होती. लोक येत, क्षणभर बसत आणि उठून जात. इतक्यांत मृताच्या मुलाच्या कचेरींतील एक तरुण आला. मुलगा मनाचा हळवा असावा. जिने चढून आल्यामुळें त्यास धाप लागली होती आणि डोळेहि ओले झाले होते. आजींच्या पुढ्यांत वांकून तो हलक्या स्वरांत एवढेंच म्हणाला, ‘सॉरी, आजी.’ आजींनीं मान वर केली, त्याच्याकडे निरखून पाहिलें आणि विचारलें, ‘कां रे बाळ? तुझं काय चुकलं?’

खोलींत कोणी हंसलें नाहीं. तरुणास उत्तर सुचलें नाहीं. तो मान खालीं घालून बसून राहिला. आजींनीं त्याची थट्टा केली नव्हती किंवा भाषेच्या शुद्धतेचा आग्रहहि धरला नव्हता. हा शब्द त्यांच्या कानांवर हजार वेळां पडलेला होता. परंतु त्यांना ठाऊक असलेल्या मराठींत त्याचा अर्थ एकच होता. घरीं परत येतांना आजींचा तो प्रश्न आमच्या मनांतून जाईना, आणि त्याच प्रश्नाचा थोडा विचार वाचकांच्या सहवासांत करावा, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

इंग्रजींत ‘सॉरी’ हा शब्द दोन कामें करितो. कोणाच्या पायावर पाय पडला असतां तो क्षमा मागतो. कोणाच्या घरीं मृत्यु झाला असतां तो सहवेदना सांगतो. त्याचें मूळ पाहूं गेल्यास दुसरें काम जुनें आहे. प्राचीन इंग्रजींत वेदना किंवा व्रण या अर्थाचा जो शब्द होता, त्यापासून ‘वेदनेनें भरलेला’ अशा अर्थाचें हें विशेषण झालें. शोक या अर्थाच्या ‘सॉरो’ या नामाशीं त्याचें नातें असावें असें कोणासहि वाटेल. परंतु तें रक्ताचें नातें नसून ध्वनीच्या सारखेपणामुळें मागाहून जुळलेलें आहे. मुंबईच्या मराठींत हा शब्द शिरला तो शाळेंतून आणि कचेरींतून. वर्गांत उशीरां आलेल्या मुलानें, हिशेबांत चूक केलेल्या कारकुनानें, गाडींत धक्का लागलेल्या प्रवाशानें तो उच्चारावयाचा. त्यामुळें त्याचा क्षमेचा अर्थ येथें रुजला आणि वेदनेचा अर्थ मागेंच राहिला. परका शब्द भाषेंत येतो तो आपला सारा संसार घेऊन येत नाहीं. हातीं लागेल तेवढें एखादें गांठोडें घेऊन येतो. त्या तरुणानें इंग्रजी अर्थानें शब्द वापरला आणि आजींनीं तो मराठी अर्थानें ऐकला. दोघांचेंहि बरोबर होतें, आणि म्हणूनच दोघांची भेट झाली नाहीं.

इंग्रजी शब्दांविरुद्ध ओरड करण्याचा आमचा हेतु नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. टेबल, स्टेशन, पेन्सिल यांवर आतां कोणी वाद घालीत नाहीं आणि घालूंहि नये. परंतु वस्तूचें नांव उसनें घेणें आणि मनाच्या जखमेचें नांव उसनें घेणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुःखाच्या प्रसंगीं मराठी माणसानें इंग्रजी शब्द केव्हां घ्यावा, कां घ्यावा आणि केव्हां घेऊं नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम इंग्रजीचें घर पाहूं. शाळेंत सॅडनेस, सॉरो, ग्रीफ, मेलँकली यांपैकीं कोणताहि शब्द आला कीं वहीच्या उजव्या बाजूस ‘दुःख’ असें लिहून मोकळें होण्याची संवय आम्हां सर्वांस लागलेली होती. वस्तुतः या शब्दांचीं कुळें भिन्न आहेत. ग्रीफ हा शब्द फ्रेंचच्या वाटेनें लॅटिनमधील ‘जड’ या अर्थाच्या शब्दापासून आला. आमचा ‘गुरु’ हा शब्दहि त्याच मुळाचा. ग्रीफ म्हणजे उरावर पडलेला भार, आणि त्यास बहुधा कांहीं उघड कारण असतें. सॉरो या शब्दाचा जर्मन भाषेंतील सोयरा आजहि चिंता, काळजी या अर्थानें वापरला जातो. सॉरो हें मुरलेलें, लांब मुदतीचें दुःख. सॅड या शब्दाचा मूळ अर्थ तर ‘तृप्त’, ‘पोट भरलेला’ असा होता. तृप्त माणूस जड होतो, जड माणूस गंभीर दिसतो आणि गंभीर दिसणाऱ्यास लोक खिन्न समजतात. अशा पायऱ्या उतरत तो शब्द आजच्या अर्थास पोंचला. मेलँकली म्हणजे ग्रीक वैद्यकांतील काळें पित्त. त्या एका विकारावर रॉबर्ट बर्टन या इंग्रज विद्वानानें १६२१ सालीं एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि आप्ताच्या मृत्यूनें येणाऱ्या दुःखास जो बिरीव्हमेंट हा शब्द आहे, त्याचें मूळ ‘लुबाडलें जाणें’ या क्रियेंत आहे. या एकाहि अर्थाची खूण आमच्या वहींतील ‘दुःख’ या शब्दांत उमटत नव्हती.

यावरून इंग्रजी श्रीमंत आणि मराठी दरिद्री असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उतावळेपणा होईल. आमचें घरहि एकवार उघडून पाहावें. शोक हा शब्द जळणें या अर्थाच्या शुच् धातूपासून झालेला आहे. इंग्रजाचा ग्रीफ दडपतो, आमचा शोक जाळतो. विषाद या शब्दांत खालीं बसणें, खचणें ही क्रिया आहे. रणभूमीवर धनुष्य टाकून रथांत बसलेल्या अर्जुनाच्या अवस्थेस गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नांवांत हाच शब्द योजलेला आहे, आणि तो किती नेमका आहे! अनुकंपा म्हणजे दुसऱ्याच्या कंपामागून आपणहि कांपणें. उदास या शब्दाची कथा तर सॅडच्या कथेची जुळी बहीण शोभेल. उदासीन म्हणजे मूळचा दूर बसलेला, तटस्थ. गीतेंत आणि संतवाङ्मयांत हा विरक्ताचा गुण म्हणून येतो. आज कोणी ‘आज उदास वाटतं’ म्हणाला तर त्यास वैराग्य झालें असें कोणी समजत नाहीं. तृप्त माणसाचा सॅड आणि विरक्त माणसाचा उदास निरनिराळ्या वाटांनीं निघून एकाच खिन्न मुक्कामास येऊन पोंचले.

हे झाले संस्कृतांतून आलेले शब्द. शुद्ध घरगुती शब्दांत तर मराठीचा हात धरणारी भाषा विरळाच. हातची संधि थोडक्यांत हुकली कीं चुटपुट लागते. करावयाचें राहून गेलें कीं रुखरुख राहते. कोणाची वाट पाहतांना हुरहूर वाटते. परक्याचें नुकसान ऐकून हळहळ होते. आणि जी कोणास सांगतां येत नाहीं ती खंत. या पांच शब्दांस पांच निराळे इंग्रजी प्रतिशब्द द्या, असें एखाद्या चांगल्या इंग्रजी जाणणारासहि सांगून पाहावें. तो दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाशींच अडेल. दोन्हीं भाषांनीं दुःखाची वांटणी आपापल्या परीनें केलेली आहे, आणि एकीची कप्पेबंद पेटी दुसरीच्या पेटींत नीट बसत नाहीं.

शब्दांहूनहि मोठा भेद व्याकरणांत आहे. इंग्रज म्हणतो, ‘मी दुःखी आहें.’ मराठी माणूस सहज बोलतांना असें म्हणत नाहीं. त्याला वाईट वाटतें, दुःख होतें, रडूं येतें, रडूं कोसळतें. त्याचा जीव लागत नाहीं, त्याला घांस गोड लागत नाहीं. या सर्व वाक्यांत करणारें कोणी असेल तर तें दुःखच. माणूस ‘मला’ म्हणून बाजूस उभा आहे आणि त्याच्याकडे दुःख येत आहे. जें आलें तें उद्यां जाईलहि, एवढी आशा या वाक्यरचनेंतच आहे. आतांचीं मुलें ‘मी सॅड आहे’ असें म्हणतात, तेव्हां एक शब्द बदलला असें आपणांस वाटतें. खरें पाहतां वाक्याचा कणाच बदलला. दुःख पाहुणें होतें, तें घरमालक झालें.

असे भिन्न संसार असलेल्या दोन भाषांची गांठ पडली ती मुंबईंत. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं येथें प्रसिद्ध झाला, आणि इंग्रजी शब्दांस मराठी अर्थ देणारा कोश कँडी यांनीं १८४७ सालीं पुरा केला. परंतु कोशांतील शब्द हा पेटींत ठेवलेल्या कपड्यासारखा असतो. तो अंगावर चढवून पाहिल्याखेरीज बेतशीर आहे कीं नाहीं तें कळत नाहीं. दुःखाचे इंग्रजी शब्द मराठी माणसाच्या अंगावर प्रथम चढले ते नाटकाच्या निमित्तानें. गोपाळ गणेश आगरकर १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस होते. पुढच्याच वर्षीं त्यांचें ‘विकारविलसित’ हें हॅम्लेटचें रूपांतर प्रसिद्ध झालें. मूळ नाटकास नायकाचें नांव आहे. आगरकरांनीं तें टाकून मनोविकारास शीर्षकाचा मान दिला. हा फरक आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. डेन्मार्कचा राजपुत्र आईस सांगतो कीं काळीं वस्त्रें, उसासे, अश्रु यांचें सोंग कोणासहि आणतां येतें. माझ्या आंत जें आहे तें दाखवितां येण्याजोगें नाहीं. काळें वस्त्र हें आमच्याकडे शोकाचें चिन्ह नव्हे. आमच्या मृताच्या अंगावर पांढरें वस्त्र असतें. पोशाख, चालीरीति, देव, सारें बदलावें लागलें, तरी तो आंतला विकार मराठींत आणतां आला पाहिजे, हा हट्ट त्या शीर्षकांत आहे. पुढें शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनीं ही भूमिका अशी गाजविली कीं इंग्रजीचें अक्षरहि न येणाऱ्या प्रेक्षकांनीं हॅम्लेटचें दुःख आपलें मानलें.

याच खटपटींतून ‘ट्रॅजेडी’ या शब्दास मराठी प्रतिशब्द शोधण्याची गरज पडली. ग्रीक मुळांत त्या शब्दाचा अर्थ बोकडाचें गाणें असा आहे. त्यांत शोकाचा मागमूसहि नाहीं. संस्कृत नाटक सामान्यतः सुखान्त. करुण रसाचा स्थायीभाव शोक खरा, पण नाटकाचा शेवट शोकांत होऊं द्यावयाचा नाहीं, अशी वहिवाट. तेव्हां मराठी रसिकांनीं जें पाहिलें त्यावरून ‘शोकांतिका’ हा शब्द घडविला. पुढें कोणी आक्षेप घेतला कीं शोक केवळ अंतीं नसून नाटकाच्या आत्म्यांतच असतो, म्हणून ‘शोकात्मिका’ म्हणावें. हा वाद शब्दच्छल नव्हे. राम गणेश गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील सिंधूचें दुःख शेवटच्या अंकांत सुरू होतें, असें कोण म्हणेल? पहिल्या पेल्याबरोबरच तें घरांत शिरलें होतें. आणि १९७० सालच्या ‘नटसम्राटा’वर लियर राजाची सांवली पडलेली असली, तरी आप्पासाहेब बेलवलकर बोलूं लागले कीं दादर-गिरगांवांतील प्रत्येक घरास आपल्याच माळ्यावरचा म्हातारा आठवतो. येथें परकें दुःख उसनें घेतलें, पण त्यावर घाम गाळला. जो शब्द भाषांतरानें मिळवावा लागतो, तो मिळवितां मिळवितां त्यामागचें दुःखहि समजूं लागतें, ही या इतिहासाची शिकवण.

आतां बोलण्यांतील शब्दांकडे वळूं. तेथें असा घाम कोणी गाळलेला नाहीं. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत आज माणूस वारत नाहीं, निवर्तत नाहीं, त्याला देवाज्ञाहि होत नाहीं; तो ‘एक्स्पायर होतो’. या शब्दाचें लॅटिन मूळ श्वास बाहेर टाकणें असें आहे, म्हणजे आमच्या ‘प्राण सोडला’ याच्या अगदीं शेजारचें. परंतु मराठी कानास तें मूळ ऐकूं येत नाहीं. त्यास औषधाच्या वेष्टनावर छापलेली तारीख आठवते. गोळ्या एक्स्पायर होतात आणि वडीलहि एक्स्पायर होतात! कित्येक वर्षें हा शब्द ऐकला कीं आमच्या कपाळास आंठी पडे, आणि हा निवळ कोडगेपणा आहे असें आम्ही चार लोकांत बोलूनहि दाखवीत असूं.

आमचें हें मत एका प्रसंगानें डळमळलें. दादर येथील आमच्या एका स्नेह्याचे वडील पहाटे गेले. आम्ही पोंचलों तेव्हां तो दूरध्वनीवरून एकामागून एक बातमी कळवीत होता. कचेरींत, सोसायटींत, वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांस, सर्वांस तो एकाच स्थिर आवाजांत सांगत होता, ‘बाबा आज पहाटे एक्स्पायर झाले.’ त्या आवाजाचें आम्हांस नवल वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर थोडा रागहि आला. शेवटीं त्यानें नागपूरच्या थोरल्या बहिणीस बोलाविलें. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘ताई, बाबा गेले गं,’ आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाहीं. तेव्हां आम्हांस उमगलें कीं तो इंग्रजी शब्द त्या माणसाची कुबडी होती. ‘गेले’ हा शब्द त्यास वीस वेळां उच्चारतां आला नसता. तो एकदांच उच्चारावयाचा होता, आणि कोणापाशीं तें त्यास ठाऊक होतें.

मागच्या पिढींत हेंच काम तारेनें केलें. आपल्या देशांतील तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. परंतु तारवाला चाळीच्या दाराशीं दिसतांच बायकांच्या छातींत धस्स होई, ती आठवण अजून पुष्कळांस असेल. तारेंतील मजकूर बहुधा इंग्रजी आणि मोजक्या शब्दांचा. ज्या घरीं इंग्रजी वाचणारें कोणी नसे, तेथें शेजारच्या शिकलेल्या माणसास बोलावीत. तो कागद उघडी, मनांतल्या मनांत वाची, आणि मग क्षणभर थांबून घरांतल्या वडीलधाऱ्यास मराठींत सांगे. त्या क्षणभरांत तो काय करीत असे? तो भाषांतर करीत असे. आणि आमच्या मतें वाङ्मयांतील कोणत्याहि भाषांतराहून तें कठीण होतें. इंग्रजी शब्द कागदावरच राही. माणसापर्यंत पोंचे तो मराठी शब्द, तोहि खांद्यावर ठेवलेल्या हातासह. आज कागद गेला, तो शेजारी गेला आणि मधला क्षणहि गेला. इंग्रजी शब्द थेट माणसाच्या हातांतील यंत्रावर येऊन आदळतो.

म्हणून ज्याच्यावर आघात झाला आहे त्यानें कोणत्या भाषेचा शब्द वापरावा, याविषयीं इतरांनीं बोलूं नये, असें आमचें ठाम मत झालें आहे. त्यास जो शब्द तोलून धरील तो त्याचा. प्रश्न आहे तो भेटावयास येणाराचा. त्याच्यावर आघात झालेला नाहीं. तो आघात झालेल्याच्या जवळ जाण्यासाठीं आलेला आहे. त्यानेंच अंतर राखणारा शब्द वापरला तर येण्याचें प्रयोजन काय राहिलें? बातमी येतांच दूरध्वनीच्या पडद्यावर ‘आर. आय. पी.’ अशीं तीन अक्षरें टाकून पुढच्या कामास लागणें ही आतां रीत झाली आहे. मूळ वचन मृतात्म्यास शांति चिंतिणाऱ्या प्रार्थनेचें; तीन अक्षरांत प्रार्थनाहि उरली नाहीं आणि शांतिहि नाहीं. कंडोलन्स या शब्दाचा मूळ अर्थ ‘बरोबर दुःख करणें’ असा आहे. आमच्याकडे कंडोलन्स मीटिंग असते आणि तिच्या कार्यक्रमांत वक्त्यांचा क्रम असतो.

तथापि यांत केवळ इंग्रजीचा दोष मानणें हा अन्याय होईल. लालबाग-परळच्या नाक्यानाक्यांवर लागणाऱ्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या फलकांतील दोन्ही शब्द अस्सल संस्कृत आहेत, परंतु मृताच्या चेहऱ्याखालीं शोकाकुलांच्या चेहऱ्यांची जी रांग असते, ती पाहिल्यावर भाव कोठें आणि श्रद्धा कोठें, हा प्रश्न पडतोच. ‘अनुकंपा तत्त्वावर नेमणूक’ हे शब्द सरकारी कागदांत वाचतांना कांपणारें कोणी दिसत नाहीं. दिसतें ती धूळ खात पडलेली फाईल. तेव्हां शब्द देशी कीं विदेशी यापेक्षां तो माणसाच्या जवळ नेतो कीं माणसापासून दूर, ही कसोटी अधिक खरी.

याच कसोटीवर आणखी एक इंग्रजी शब्द घासून पाहावा लागेल, आणि तेथें आमचा कौल त्या शब्दाच्या बाजूनें पडेल. तो शब्द म्हणजे ‘डिप्रेशन’. परळ हा भाग रुग्णालयांचा. के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालीं आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेव्हांपासून साऱ्या महाराष्ट्रांतून माणसें तेथें येतात आणि औषधाबरोबर वैद्यकाचे शब्दहि गांवीं घेऊन जातात. डिप्रेशन हा त्यांपैकींच एक. आमच्या घरांत एखादी बाई महिनोन् महिने उठत नाहीं, जेवत नाहीं, कोणाशीं बोलत नाहीं, असें झालें कीं आजवर तिला काय ऐकावें लागे? ‘मनाला लावून घेऊं नकोस’, ‘उगीच नखरे’, ‘चार कामें केलींस म्हणजे बरं वाटेल.’ या अवस्थेस नैराश्य म्हणावें तर त्यांत केवळ आशा नसणें येतें. उदासपणा म्हणावें तर तो संध्याकाळीं कोणासहि येतो. विषाद हा शब्द पोथींत राहिला. डॉक्टरांनीं ‘डिप्रेशन’ म्हटलें आणि घरच्यांनीं तो शब्द ऐकला, कीं दोषाचा आजार होतो. आजारास औषध असतें आणि आजारी माणसास कोणी आळशी म्हणत नाहीं. एका परक्या शब्दानें सुनेस, सासूस, परीक्षेस बसलेल्या मुलास उपचाराचा हक्क मिळवून दिला, तर त्याच्या परकेपणाचा विटाळ आम्ही मानणार नाहीं.

हा विचार आम्हांस अगदींच नवा होता, असेंहि नाहीं. चरकसंहितेंत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्यें विषादास अग्रस्थान दिलेलें आहे. परंतु तें ज्ञान वैद्याच्या पोथींतून स्वयंपाकघरापर्यंत आलें नाहीं, आणि डिप्रेशन हा शब्द आला. मात्र तो घेतांना त्याची हद्दहि सांभाळली पाहिजे. फ्रॉईड या मानसशास्त्रज्ञानें १९१७ सालीं शोक आणि मेलँकली यांतील भेद दाखवितांना म्हटलें कीं शोकांत जग ओस पडतें, मेलँकलींत माणूस स्वतःच ओस पडतो. हा भेद आपणहि ध्यानांत ठेवावा. पतीच्या निधनानंतर दहाव्या दिवशीं रडणाऱ्या स्त्रीस डिप्रेशन आलें असें म्हणणें म्हणजे तिच्या शोकाचा अपमान करणें होय. आणि सहल रद्द झाली म्हणून डिप्रेशन आलें असें म्हणणें म्हणजे खऱ्या आजाऱ्याच्या हातांतील एकुलता एक शब्द बोथट करणें होय.

आणि मग असें एक दुःख उरतें, ज्यास दोन्हीं भाषांनीं टाकून दिलें. १९८२ सालच्या १८ जानेवारीस मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला; त्यांतील पुष्कळांस गिरणीचा भोंगा पुन्हां ऐकूं आला नाहीं. लालबाग-परळच्या घराघरांतून त्या वर्षीं जें गेलें, त्यास मृत्यु म्हणतां येत नव्हतें. म्हणून सुतक नाहीं, दुखवटा नाहीं, समाचाराला येणारें कोणी नाहीं. त्या घरांत जो इंग्रजी शब्द मुक्कामास आला तो ‘टेन्शन’. लॅटिनमधील ताणणें या अर्थाच्या धातूपासून तो निघाला, आणि आमचा ‘ताण’हि त्याच मुळाचा; आयुष्यभर सुताचा ताण सांभाळलेल्या माणसांच्या वांट्यास हाच शब्द यावा, हा योगायोग क्रूर म्हणावा लागेल. परंतु ताण ही धागा तुटण्यापूर्वींची अवस्था असते. येथें धागा तुटलेला होता. बिरीव्हमेंट या शब्दांतील लुबाडलें जाण्याचा अर्थ तेथें नेमका लागू पडला असता. पण आम्हीं तो उसना घेतला नाहीं आणि आपला नवा घडविलाहि नाहीं. पुढें जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकानें त्या घरांतील माणसें रंगभूमीवर आणलीं, तेव्हां कोठें त्या दुःखाचा समाचार मराठी वाङ्मयानें घेतला. त्या नाटकाचें नांवच एक शब्द होऊन राहिलें. वाङ्मयाकडून आमची अपेक्षा हीच आहे.

असो. विवेचन लांबलें. आमचा अभिप्राय थोडक्यांत असा कीं, ज्याचें दुःख आहे त्याच्या शब्दांस नांवें ठेवूं नयेत. जो शब्द दुखणें ओळखूं देतो तो कोणत्याहि भाषेंतून घ्यावा. आणि दुसऱ्याच्या दाराशीं जातांना मात्र जो शब्द त्या घरांत कळेल तोच बरोबर न्यावा. तसा शब्द सुचला नाहीं तर शब्दाशिवाय जावें, तेंहि चालतें.

त्या दिवशीं गिरगांवच्या चाळींत तो तरुण बराच वेळ मान खालीं घालून बसला होता. निघण्याची वेळ झाली तेव्हां तो उठला, पुन्हां आजींजवळ गेला, आणि यावेळीं खालीं बसला. ‘आजी,’ तो म्हणाला, ‘मागच्या पावसाळ्यांत काकांनीं मला आपल्या छत्रींतून चर्नी रोड स्टेशनापर्यंत पोंचवलं होतं. स्वतः अर्धे भिजले.’ आजींनीं डोळ्यांस पदर लावला. मग त्याच्या मनगटावर हात ठेवून त्या म्हणाल्या, ‘तो होताच तसा. बैस जरा. आणखी काय म्हणाला तो तुला?’